चुंबकीय पट्टीचे वाचन : कार्ड-वाचक आणि मायक्रोकंट्रोलर यांच्या जोडणीचा एक पाठ

बँकेच्या कार्डाच्या पाठीमागील काळी किंवा तपकिरी पट्टी आपण सर्वांनी पाहिलेली असते. तिच्यात काहीतरी लिहिलेले आहे, हेही आपण ऐकून असतो. परंतु ते लिखाण कोणत्या लिपीत आहे, यंत्र ते कसे वाचते आणि वाचलेले खरे की खोटे हे कसे ठरवते, हा विचार सहसा आपल्या मनात येत नाही. यंत्राने ‘हो’ म्हटले की आपण पुढे जातो आणि ‘नाही’ म्हटले की खाली मान घालून परत फिरतो. ज्या यंत्राचा निर्णय आपल्याला निमूटपणे मान्य करावा लागतो, त्याच्या अंतरंगाची ओळख विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना असावी, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

इतिहासाच्या अध्यापकाने या विषयावर लेखणी चालवावी याचे कोणाला नवल वाटेल. वस्तुतः चुंबकीय पट्टी हा एक दस्तऐवजच आहे. तो कोणी लिहिला, कोणत्या लिपीत लिहिला, कोठून वाचायचा, कोठे थांबायचे आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा, हे दस्तऐवजाला विचारायचे सारे प्रश्न या पट्टीलाही विचारता येतात. म्हणून आरंभी तिचा पूर्वेतिहास पाहू, नंतर लिपी शिकू, आणि मग प्रत्यक्ष जोडणीकडे वळू.

पट्टीचा पूर्वेतिहास

चुंबकाच्या साह्याने ध्वनी साठवता येईल ही कल्पना अमेरिकन अभियंता ओबर्लिन स्मिथ यांना १८७८ मध्ये सुचली आणि १८८८ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. डेन्मार्कचे वाल्डेमार पौल्सेन यांनी १८९८ मध्ये पोलादी तारेवर आवाज नोंदवणारे ‘टेलिग्राफोन’ हे यंत्र सिद्ध केले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचे प्रात्यक्षिक झाले. जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ मध्ये कागदाच्या फितीवर लोहकणांचा थर देण्याची युक्ती काढली आणि जड तारेच्या जागी हलकी फीत आली. आपल्या घरांत एकेकाळी वाजणाऱ्या कॅसेट या याच फितीच्या वारस होत.

फितीचा तुकडा प्लॅस्टिकच्या कार्डावर बसवण्याचे श्रेय आयबीएम कंपनीचे अभियंते फॉरेस्ट पॅरी यांना दिले जाते. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते ओळखपत्रावर फीत चिकटवण्याचा प्रयत्न करीत होते. परंतु कोणत्याही गोंदाने एकतर फीत वाकडी होई, नाहीतर तिचे गुणधर्म बिघडत. त्यांच्या पत्नी डोरोथिया त्या वेळी कपड्यांना इस्त्री करीत होत्या. अडचण ऐकून त्यांनी इस्त्रीच्याच उष्णतेने फीत कार्डावर बसवून पाहण्याची सूचना केली, आणि ती यशस्वी ठरली. प्रयोगशाळेत न सुटलेला प्रश्न घरकामाच्या अनुभवाने सुटला, ही गोष्ट विद्यार्थिनींनी विशेष ध्यानात ठेवावी.

पट्टीवरील तीन ओळी

कार्डाचे मान आंतरराष्ट्रीय मानकाने निश्चित केलेले आहे : लांबी ८५.६० मिलिमीटर, रुंदी ५३.९८ मिलिमीटर आणि जाडी ०.७६ मिलिमीटर. पट्टीवर एकाखाली एक अशा तीन ओळी असू शकतात. त्यांना ‘ट्रॅक’ म्हणतात. प्रत्येक ट्रॅकची रुंदी सुमारे २.८ मिलिमीटर असते.

कार्डाच्या कडेला सर्वांत जवळ असलेला पहिला ट्रॅक विमान कंपन्यांच्या संघटनेच्या गरजेतून आला. त्यात अंकांबरोबर रोमन अक्षरेही लिहिता येतात आणि जास्तीत जास्त ७९ चिन्हे मावतात. मधला दुसरा ट्रॅक अमेरिकेतील बँकांच्या संघटनेने ठरवला. त्यात केवळ अंक व काही खुणा असतात आणि मर्यादा ४० चिन्हांची असते. तिसऱ्या ट्रॅकमध्ये १०७ चिन्हे मावतात, परंतु त्याचा वापर फार थोडा झाला. पहिल्या व तिसऱ्या ट्रॅकवर एका इंचात २१० बिट लिहिले जातात, तर दुसऱ्यावर ७५. दुसऱ्या ट्रॅकचे लिखाण असे विरळ व सोपे असल्यामुळे नवशिक्याने आरंभ त्याच्यापासून करावा. पुढील सर्व विवेचन दुसऱ्या ट्रॅकविषयी आहे.

येथे एक हिशेब करून पाहावा. कार्डाची लांबी म्हणजे जवळजवळ ३.३७ इंच. इंचाला ७५ प्रमाणे पूर्ण लांबीत सुमारे २५२ बिट बसतात. एका चिन्हाला ५ बिट लागतात; म्हणजे ४० चिन्हांना २००. उरलेली जागा दोन्ही टोकांना शून्यांनी भरलेली असते. ही शून्ये निरुपयोगी नसतात, हे आता दिसेल.

शून्य आणि एक यांची लय

पट्टीवरील प्रत्येक बिटासाठी एक ठरावीक लांबीचे घर असते. घराच्या सीमेवर चुंबकत्वाची दिशा उलटते. घराच्या मध्यभागीही ती आणखी एकदा उलटली, तर तो बिट १. मध्ये उलटली नाही, तर तो बिट ०. इतकीच ही लिपी आहे.

संगीताच्या उपमेने ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. भजनात टाळकरी एका मात्रेला एक टाळ वाजवतो. दुगुन घेतली की त्याच मात्रेत दोन टाळ येतात. एक टाळ म्हणजे शून्य आणि दुगुन म्हणजे एक, असे समजावे. कार्ड हाताने ओढले जाते, त्यामुळे वेग प्रत्येकाचा वेगळा आणि एकाच ओढीतही कमीजास्त होणारा असतो. यंत्राला वेग आधी ठाऊक नसतो. म्हणून सुरुवातीची शून्ये त्याला लय देतात. एका मात्रेचा काळ केवढा, हे त्यावरून वाचक ठरवतो आणि पुढे प्रत्येक बिटागणिक लय थोडीथोडी सुधारत जातो. हात मध्येच थांबला किंवा एकदम हिसका बसला तर लय मोडते आणि वाचन बिघडते. कार्ड ‘एका दमात, सारख्या गतीने’ ओढण्याच्या सूचनेमागील कारण हेच.

अक्षरमाला, आरंभ आणि अंत

प्रत्येक चिन्हाच्या पाच बिटांपैकी पहिले चार अंकाची किंमत सांगतात. त्यांच्या किमती क्रमाने १, २, ४ आणि ८ आहेत; सर्वांत लहान किमतीचा बिट प्रथम येतो. पाचवा बिट तपासणीचा, त्याला ‘पॅरिटी बिट’ म्हणतात. पाच बिटांतील एकूण ‘१’ ची संख्या नेहमी विषम राहील अशा रीतीने तो लिहिला जातो. अक्षरमाला अशी :

० : ००००१
१ : १००००
२ : ०१०००
३ : ११००१
४ : ००१००
५ : १०१०१
६ : ०११०१
७ : १११००
८ : ०००१०
९ : १००११
आरंभचिन्ह ( ; ) : ११०१०
विभाजकचिन्ह ( = ) : १०११०
अंतचिन्ह ( ? ) : १११११

आरंभचिन्ह आणि अंतचिन्ह यांचे महत्त्व इतिहासाच्या विद्यार्थ्याला लगेच कळेल. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असे आणि मजकूर संपला तेथे ‘मर्यादेयं विराजते’ ही मर्यादामुद्रा उमटवली जाई. मुद्रेच्या खाली कोणी एखादी ओळ वाढवली तर ती बनावट हे उघड होई. पट्टीवरील अंतचिन्ह हेच सांगते : लेखाची मर्यादा येथे झाली. त्याच्या पाठोपाठ आणखी एकच चिन्ह येते, ते संपूर्ण लेखाच्या तपासणीचे. त्याचा विचार पुढे करू.

उदाहरणादाखल वसतिगृहातील एका विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक ४७२ आहे असे धरू. पट्टीवर तो असा लिहिला जाईल :

आरंभ : ११०१०
४ : ००१००
७ : १११००
२ : ०१०००
अंत : १११११
तपासणी : १०१०१

जोडणी

बाजारात दोन प्रकारचे कार्ड-वाचक मिळतात. यूएसबी वायर असलेला वाचक संगणकाला कळफलक म्हणून भासतो. कार्ड ओढताच अंक जणू कोणी टंकित केल्याप्रमाणे पडद्यावर उमटतात. तो आर्डुइनो उनोसारख्या बोर्डाला थेट जोडता येत नाही. आपल्याला हवा तो ‘टीटीएल’ प्रकारचा वाचक. त्याच्या आत चुंबकीय हेड आणि लय ओळखणारी छोटी चिप असते, आणि बाहेर पाच वायरी येतात.

आर्डुइनो उनोवर एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर असतो. त्याचा वेग १६ मेगाहर्ट्झ, कामचलाऊ स्मृती २ किलोबाइट आणि विद्युतदाब ५ व्होल्ट. जोडणी पुढीलप्रमाणे करावी :

१. वाचकाची पुरवठ्याची वायर बोर्डावरील ५ व्होल्टच्या पिनला.
२. वाचकाची ग्राउंड वायर बोर्डाच्या ग्राउंडला.
३. ‘क्लॉक’ वायर डिजिटल पिन २ ला.
४. ‘कार्ड प्रेझेंट’, म्हणजे कार्ड ओढले जात असल्याचा इशारा, पिन ३ ला.
५. ‘डेटा’ वायर पिन ४ ला.

वायरींच्या रंगांवर विसंबू नये. प्रत्येक निर्मात्याची रंगपद्धती वेगळी असते. वाचकासोबत आलेल्या माहितीपत्रकातील आकृती पाहूनच वायरी जोडाव्यात आणि त्या काळात बोर्ड संगणकापासून अलग ठेवावा. पुरवठा आणि ग्राउंड यांची अदलाबदल झाली तर वाचक जळू शकतो. ईएसपी ३२ सारखा ३.३ व्होल्टचा बोर्ड वापरायचा असेल, तर ५ व्होल्टच्या वाचकाचे संदेश त्याच्या पिनवर थेट देऊ नयेत. मध्ये दाब उतरवणारा परिपथ घालावा.

या वाचकांची एक रीत नवशिक्याला चकवते. यांचे संदेश उलटे असतात. डेटा वायरीवरील दाब खाली गेला की बिट १, वर असला की बिट ०. कार्ड प्रेझेंटची वायरही एरवी वर असते आणि कार्ड सरकू लागले की खाली येते. क्लॉकची वायर वरून खाली येते त्या क्षणी डेटा वायरीवरील बिट वाचण्याजोगा असतो. तिन्ही पिनांना बोर्डातील अंतर्गत पुल-अप रोध चालू करून द्यावा; म्हणजे वायर मोकळी असताना पिन अधांतरी राहत नाही.

प्रोग्रॅमची रचना

प्रोग्रॅमचे दोन भाग करावेत : एक टिपणारा, दुसरा उलगडणारा. न्यायालयातील लघुलेखक साक्ष चालू असताना केवळ खुणा टिपत जातो आणि सवडीने त्यांचा मजकूर करतो. येथेही तीच श्रमविभागणी आहे.

टिपणाऱ्या भागासाठी ‘इंटरप्ट’ वापरावा. पिन २ वरील दाब वरून खाली आला की मायक्रोकंट्रोलर हातातील काम क्षणभर बाजूला ठेवतो आणि आपण नेमून दिलेले छोटे काम करतो. ते काम एवढेच : पिन ४ वाचावी, मिळालेली किंमत उलटी करावी, ती रांगेत पुढच्या जागी ठेवावी आणि मोजणी एकने वाढवावी. रांगेत ३०० जागा ठेवल्या म्हणजे पुरे. प्रत्येक बिटाला एक बाइट दिला तरी २०४८ बाइटांच्या स्मृतीत ही रांग सहज मावते. रांग भरली की पुढचे बिट घेऊ नयेत, ही अट विसरू नये. इंटरप्टमध्ये बदलणाऱ्या चलांना ‘व्होलाटाइल’ असे घोषित करावे, म्हणजे मुख्य प्रोग्रॅम त्यांची शिळी किंमत वापरणार नाही.

टिपतानाच अंक पडद्यावर छापावेत असा मोह होतो. तो का टाळावा, याचा हिशेब पाहा. कार्ड सेकंदाला ५० सेंटिमीटर वेगाने ओढले तर एका सेकंदात सुमारे १४७५ बिट येतात. म्हणजे दर ०.६८ मिलिसेकंदाला एक. बोर्डाकडून संगणकाकडे ९६०० बॉडच्या गतीने एक अक्षर जाण्यास जवळजवळ १ मिलिसेकंद लागतो. म्हणजे छापणे हे ऐकण्यापेक्षा मंद आहे. उलट, ०.६८ मिलिसेकंदात या मायक्रोकंट्रोलरच्या घड्याळाचे दहा हजारांहून अधिक ठोके पडतात. एक बिट टिपून ठेवण्यास तो अवधी भरपूर आहे.

कार्ड प्रेझेंटची वायर खाली जाऊन पुन्हा वर आली, म्हणजे कार्ड निघून गेले, की उलगडणारा भाग सुरू करावा. त्याच्या पायऱ्या अशा :

१. रांगेच्या आरंभापासून शून्ये वगळत ११०१० हा क्रम शोधावा.
२. तेथून पाच-पाच बिटांचे गट करावेत.
३. प्रत्येक गटातील ‘१’ मोजावेत. संख्या सम आली तर वाचन तेथेच रद्द करावे.
४. पहिल्या चार बिटांची किंमत काढून त्यात ४८ मिळवावेत. आलेली संख्या म्हणजे त्या चिन्हाचा अस्की क्रमांक.
५. १११११ आला की थांबावे, पुढील पाच बिटांचे तपासणीचिन्ह घ्यावे आणि उभी तपासणी करावी.
६. सर्व जुळले तरच क्रमांक स्वीकारावा. कार्ड उलट दिशेने ओढले गेले असण्याचा संभव असतो. म्हणून जुळले नाही तर रांग शेवटाकडून आरंभाकडे वाचून हीच कृती पुन्हा करावी.
७. शेवटी रांग व मोजणी कोरी करून पुढील कार्डाची वाट पाहावी.

आडवी आणि उभी तपासणी

जमाखर्चाच्या वहीत आपण आडवी बेरीज करतो आणि उभीही करतो. दोन्ही जुळल्या तरच पान बरोबर. पट्टीवरील लेखालाही हीच शिस्त आहे. पॅरिटी बिट ही आडवी तपासणी. तपासणीचिन्ह ही उभी तपासणी : आरंभचिन्हापासून तपासणीचिन्हापर्यंत सर्व चिन्हांचे पहिले बिट एकाखाली एक मांडले, तर त्यातील ‘१’ ची संख्या सम आली पाहिजे, दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या स्तंभालाही तोच नियम. पाचव्या स्तंभाची उभी तपासणी नसते. तपासणीचिन्हाचा पाचवा बिट त्याच्या स्वतःच्या आडव्या तपासणीपुरता असतो.

नवशिक्यांच्या पुष्कळ प्रोग्रॅममध्ये उभी तपासणी गाळलेली असते, कारण तिच्यावाचूनही अंक दिसू लागतात. तिची गरज किती मोठी आहे हे आपल्याच उदाहरणावरून पाहू. क्रमांक ४७२ मधील ७ हा अंक १११०० असा लिहिलेला आहे. धुळीमुळे किंवा ओरखड्यामुळे त्याचे पहिले दोन बिट उलटले, तर ००१०० उरते. यात ‘१’ एकच, म्हणजे विषम. आडवी तपासणी निर्वेध पार पडते. परंतु ००१०० हा अंक ४ आहे. यंत्राने ४७२ ऐवजी ४४२ वाचले! समोर उभा असलेला मुलगा गैरहजर ठरला आणि घरी गेलेला दुसरा हजर झाला. उभी तपासणी केली तर मात्र पहिल्या स्तंभात ‘१’ ची संख्या तीन येते, दुसऱ्या स्तंभातही तीन येते, आणि चूक जागीच पकडली जाते.

दहा ओळींचा तो भाग लिहिण्याचा आळस केला, तर त्याची किंमत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला द्यावी लागत नाही. ती रांगेत उभ्या असलेल्या ४७२ क्रमांकाच्या मुलाला द्यावी लागते. यंत्र बांधणाऱ्याने हे सदैव स्मरावे.

चूक आणि बनावट

या दोन्ही तपासण्या अपघाती चुकीपासून संरक्षण देतात. लबाडीपासून देत नाहीत. हा भेद महत्त्वाचा आहे. तपासणीचिन्ह कसे काढायचे हे आता आपल्यालाही ठाऊक झाले. मग ते लबाडालाही ठाऊक असणारच. पट्टीवरील लेख कोणत्याही गुप्त लिपीत नसतो. ज्याच्या हाती वाचक आहे त्याला तो वाचता येतो आणि ज्याच्या हाती लेखनयंत्र आहे त्याला त्याची हुबेहूब नक्कल करता येते. पट्टी प्रत्येक वेळी तेच आणि तेवढेच बोलते, म्हणून नक्कल आणि मूळ यांत यंत्राला फरक दिसत नाही. एटीएमच्या फटीवर चोरून दुसरा वाचक बसवून कार्डे नकलण्याचे गुन्हे यातूनच उद्भवले.

चिप असलेले कार्ड प्रत्येक व्यवहारासाठी नवी सांकेतिक खूण तयार करते; जुनी खूण चोरून पुन्हा वापरता येत नाही. याच कारणास्तव रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत केवळ पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यास बँकांना सांगितले. मास्टरकार्ड कंपनीनेही २०२१ मध्ये पट्टी टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे जाहीर केले असून २०३३ पर्यंत आपल्या कोणत्याही कार्डावर ती राहणार नाही असे म्हटले आहे.

पालकांनी यातून काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कार्ड दुकानदाराच्या हाती देऊन नजरेआड होऊ देऊ नये. पिन दाबताना दुसऱ्या हाताने कळा झाकाव्यात. एटीएमची फट सैल किंवा वेगळी दिसली तर कार्ड घालू नये. फसवणूक झाल्यास बँकेला तत्काळ कळवून १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी.

विद्यार्थ्यांसाठी नियम याहून कडक आहे. प्रयोगात बँकेचे कार्ड वापरू नये. स्वतःचेही नाही आणि मुदत संपलेलेही नाही. दुसऱ्याची ओळख दर्शवणारी सांकेतिक माहिती लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-सी अन्वये गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रयोगासाठी केवळ नोंदणी क्रमांक लिहिलेली कार्डे मुद्रकाकडून करून घ्यावीत. आणि त्यांवर क्रमांकापलीकडे काही लिहू नये : नाव, जात, जन्मतारीख, पालकांचा फोन यांपैकी काहीही नाही. जे कार्डावर लिहिलेलेच नाही ते कोणी चोरू शकत नाही.

वसतिगृहातील उपयोग आणि त्याची मर्यादा

एवढी सामग्री सिद्ध झाली की ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव, प्रयोगशाळेतील उपस्थिती किंवा भोजनालयातील ताटांची मोजणी ही कामे कार्डाने करता येतील. परंतु कार्ड-वाचक ‘कार्ड आले’ एवढेच सांगतो. ‘माणूस आला’ असे सांगत नाही. मित्राचे कार्ड मित्राने ओढले तरी त्याला कळत नाही. म्हणून हजेरीची अंतिम नोंद शिक्षकाने चेहरा पाहूनच केली पाहिजे.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. पट्टी झिजते, ओरखडते. कमी चुंबकीय बळाची, बहुधा तपकिरी रंगाची पट्टी पर्सच्या चुंबकी बटणानेही पुसली जाऊ शकते. तेव्हा काही कार्डे कधी ना कधी वाचली जाणार नाहीत, हे गृहीत धरूनच व्यवस्था उभारली पाहिजे. रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटला नाही म्हणून धान्यावाचून परतण्याची वेळ आलेल्या कुटुंबांची दुःखे आपल्या वस्त्यांना वेगळी सांगायला नकोत. तसे आपल्या भोजनालयाच्या दारात घडता कामा नये. यंत्राशेजारी साधी वही असावी. कार्ड वाचले गेले नाही तर विद्यार्थ्याने वहीत क्रमांक लिहून ताट घ्यावे. प्रोग्रॅमनेही ‘कार्ड अमान्य’ असा शेरा न देता ‘वाचन झाले नाही, पुन्हा ओढा’ असे म्हणावे. पहिल्या वाक्याने दोष मुलावर येतो. दुसऱ्या वाक्यात तो यंत्रावर राहतो, आणि तेच सत्य आहे. वाचता न येणे हा वाचकाचा दोष आहे.

चिपच्या युगात मावळत्या पट्टीचा अभ्यास कशासाठी, असे कोणी विचारील. चिपचे अंतरंग शाळेच्या बाकावर उघडता येत नाही, पट्टीचे येते. अतिशय बारीक लोहचूर्ण तिच्यावर भुरभुरून हळूच झटकले, तर दुसऱ्या ट्रॅकच्या उभ्या रेषा भिंगाखाली दिसू शकतात. शून्य आणि एक डोळ्यांनी पाहण्याची अशी संधी आजच्या उपकरणांत दुर्मीळ आहे. आणि चूक कशी पकडावी, खूण कोठे संपते, कोणाची माहिती किती घ्यावी, हे प्रश्न पट्टीबरोबर मावळणारे नाहीत. उद्या आपल्या विद्यालयातून अभियंते, प्रोग्रॅमर आणि अधिकारी होऊन बाहेर पडणारी मुले जी यंत्रे उभारतील, त्यांच्यासमोर कोणाची तरी आई, कोणाचा तरी धाकटा भाऊ रांगेत उभा असेल. त्या रांगेची आठवण ठेवून लिहिलेला प्रोग्रॅम हा चांगला प्रोग्रॅम होय.

स्वाध्याय

१. पुढील बिट पट्टीवरून वाचले आहेत. आरंभचिन्ह व अंतचिन्ह शोधून क्रमांक सांगा आणि आडवी व उभी तपासणी करा : ००००००११०१०१०००००००१०००१०१११११११०११००००००

२. क्रमांक ४७२ च्या लेखातील ७ या अंकाचा केवळ दुसरा बिट उलटला आहे. कोणती ओळ आणि कोणता स्तंभ चुकीचा ठरतो? त्यावरून बिघडलेला बिट नेमका शोधता येईल का?

३. कार्ड सेकंदाला २५ सेंटिमीटर वेगाने ओढले, तर दोन बिटांमधील अंतर किती मिलिसेकंद होईल?

४. भोजनालयासाठी कार्डावर कोणती माहिती असावी आणि कोणती असू नये, याचा नियम तीन वाक्यांत लिहा; तो घरी पालकांना वाचून दाखवा व त्यांचे मत नोंदवा.